१० इंची चाकांवर अख्खी कार बसवणारे इंजिनिअर: ॲलेक इसिगोनिस

नवी गाडी घरी आली की हौसेचे खर्च सुरू होतात. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि मग चाकं. कंपनीची साधी रिम काढून मोठी अलॉय व्हील्स, त्यावर रुंद टायर, आणि हौस जास्तच असेल तर स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच खाली.

दिसायला हे सगळं भारी दिसतं. पण पहिल्याच स्पीडब्रेकरवर टायर मडगार्डला घासल्याचा आवाज येतो, स्टीअरिंग जड लागतं आणि खड्ड्यात रिम वाकते. मग प्रश्न पडतो, नक्की चुकलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला साठ-सत्तर वर्षं मागे, इंग्लंडमध्ये जावं लागेल. तिथे एका माणसाने कार आखताना चाकाचं माप शेवटी ठरवायचं सोडून सुरुवातीलाच धरलं, आणि त्या मापाभोवती बाकीची गाडी बसवली. त्यांचं नाव ॲलेक इसिगोनिस आणि त्यांची गाडी म्हणजे मिनी.

जळतं शहर सोडून निघालेला मुलगा

इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मर्ना शहरातला. तेव्हा ते ऑटोमन साम्राज्यातलं गजबजलेलं बंदर होतं. आज ते तुर्कस्तानात आहे आणि त्याला इझमीर म्हणतात. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. वडिलांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता, त्यामुळे पोराचं बालपण लेथ, बॉयलर आणि वंगणाच्या वासात गेलं.

१९२२ मध्ये ग्रीक-तुर्क युद्धाच्या अखेरीस स्मर्ना शहर पेटलं. ब्रिटिश नागरिक असल्यामुळे या कुटुंबाला जहाजाने माल्टाला हलवण्यात आलं. कारखाना, घर, पैसा सगळं मागे राहिलं. माल्टामध्येच वडील गेले. १९२३ मध्ये मायलेक इंग्लंडला पोचले, तेव्हा ॲलेक अजून विशीतही नव्हते.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. चित्रकलेत हात छान, यंत्रांची समज पक्की, पण गणित? गणितात ते तीनदा नापास झाले. गणित हा कल्पक माणसाचा शत्रू आहे असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचं डिझाइन आकडेमोडीतून कमी आणि हाताने काढलेल्या स्केचमधून जास्त यायचं. कागदावर पेन्सिलने गाडी काढायची, सुटे भाग काढायचे आणि ते कारागिरांच्या हातात द्यायचे, ही त्यांची पद्धत.

रेसिंगचा नाद आणि सस्पेन्शनचा अभ्यास

१९३० च्या दशकात इसिगोनिस कोव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत होते. तिथे त्यांचा विषय सस्पेन्शन, म्हणजे चाक आणि बॉडी यांना जोडणारी यंत्रणा. सुट्टीच्या दिवशी ते ऑस्टिन सेव्हन नावाच्या छोट्या कारवर रेसिंग करायचे.

पुढे जॉर्ज डाऊसन या मित्राबरोबर त्यांनी स्वतःची रेसिंग कार बांधायला घेतली. काम बहुतेक सगळं हाताने चाललं आणि त्याला काही वर्षं लागली. लाइटवेट स्पेशल नावाची ही गाडी १९३८ च्या सुमारास पूर्ण झाली. तिला वेगळी चासी नव्हती, बॉडीच भार पेलायची. आणि सस्पेन्शनमध्ये स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबर होतं. वीस वर्षांनी मिनीच्या खालीही रबरच दिसणार होतं.

१९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे मॉरिस कंपनीत दाखल झाले. दुसरं महायुद्ध सुरू असतानाच तिथे एका छोट्या कारवर काम सुरू झालं. तीच १९४८ मध्ये मॉरिस मायनर म्हणून बाजारात आली.

मायनरमध्ये त्यांचा चाकाबद्दलचा विचार पहिल्यांदा दिसतो. कंपनीच्या आधीच्या मॉरिस एट कारला १७ इंची चाकं होती. इसिगोनिस यांनी मायनरला थेट १४ इंची चाकं दिली.

कारण साधं होतं. चाक मोठं असलं की त्याला फिरायला, वर-खाली व्हायला आणि पुढचं असेल तर वळायलाही जागा लागते. ती जागा येते कुठून? प्रवाशांच्या पायांतून आणि डिकीतून. चाक लहान केलं की तेवढी जागा माणसांना परत मिळते. शिवाय हलकं चाक खड्ड्यावरून पटकन वर-खाली होतं, त्यामुळे रस्त्याला धरूनही राहतं.

मायनरचा आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. उत्पादन तोंडावर आलेलं असताना इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटायला लागली. त्यांनी तयार नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि दोन्ही तुकडे हळूहळू लांब सरकवले. डोळ्यांना बरं वाटलं तिथे थांबले. फरक भरला ४ इंच. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक उंचवट्याची पट्टी दिसते, आणि सुरुवातीच्या गाड्यांचे आधीच तयार असलेले बंपर मध्ये ४ इंचांचा तुकडा घालून जोडलेले होते.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना ही गाडी अजिबात आवडली नाही. पण लोकांना आवडली. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश कार ठरली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तीच बेबी हिंदुस्तान या नावाने आणली होती.

पेट्रोलची टंचाई आणि १० फुटांची अट

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचा संघर्ष पेटला. त्या वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. लोक बबल कार नावाच्या छोट्या, स्कूटरइतकं पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांकडे वळले.

ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या विलीनीकरणातून बनलेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, म्हणजे बीएमसीचे प्रमुख लिओनर्ड लॉर्ड यांना या बबल कार डोळ्यांसमोर नको होत्या. मधली काही वर्षं इसिगोनिस आल्विस कंपनीत गेले होते, तिथून लॉर्ड यांनी त्यांना आधीच परत आणलं होतं. १९५७ मध्ये काम सोपवलं गेलं: खरीखुरी छोटी कार बनवा, लवकर बनवा आणि इंजिन मात्र कंपनीकडे आहे तेच वापरा.

गाडीची लांबी ठरली १० फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. त्यात चार मोठी माणसं आणि सामान बसवायचं. मग जागा काढायची कुठून?

इसिगोनिस यांनी ती तीन ठिकाणांहून काढली.

पहिलं ठिकाण इंजिन. त्यांनी ते आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी न ठेवता खाली, ऑइलच्या सम्पमध्ये घातला. ताकद पुढच्याच चाकांना दिली, त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट गेला.

दुसरं ठिकाण सस्पेन्शन. त्यांचे मित्र ॲलेक्स मोल्टन यांनी स्प्रिंगच्या जागी रबराचे छोटे कोन बनवले. रबराचा गुण असा की ते जितकं दाबाल तितकं जास्त कडक होतं. एकटा ड्रायव्हर असो की चार माणसं, ते दोन्ही भार सांभाळतं आणि जागा मुठीएवढी घेतं.

तिसरं ठिकाण चाक. आणि खरी अडचण इथेच होती.

डनलपसमोर ठेवलेली अजब मागणी

कारला बसेल इतका लहान टायर बाजारात नव्हता. १२ इंची चाक इसिगोनिस यांना मोठं वाटत होतं. ते डनलप कंपनीकडे गेले आणि म्हणे थेट ८ इंची चाकाची मागणी केली. डनलपच्या लोकांनी हात टेकले. शेवटी १० इंचांवर तडजोड झाली आणि डनलपने मिनीसाठी मुद्दाम नवा टायर तयार केला.

१० इंच म्हणजे किती? आपल्या बजाज चेतकच्या चाकाची रिमही १० इंचीच होती. स्कूटरच्या मापाच्या चाकावर चार माणसांची कार, तीही ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास धावणारी. १९५९ मध्ये हे धाडसच होतं.

लहान चाकाचे तोटे इसिगोनिस यांना ठाऊक होते.

लहान चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं. मिनीच्या १० इंची चाकाला १ किलोमीटर जायला साधारण ६५५ फेरे लागतात. आज १५ इंची रिमवर १८५/६५ टायर असलेल्या गाडीला तेच अंतर ५१० फेऱ्यांच्या आसपास पुरतं. फेरे जास्त म्हणजे टायर जास्त तापतो आणि लवकर झिजतो.

लहान चाक खड्ड्यात खोल जातं. चेतकवरून खड्ड्यांतून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

आणि सगळ्यात मोठा तोटा ब्रेकचा. ब्रेक चाकाच्या पोटात बसतो. चाक १० इंचांचं, तर ब्रेक त्याहून लहानच हवा. मिनीला ७ इंची ड्रम ब्रेक मिळाले आणि त्यांच्याबद्दल सुरुवातीपासून तक्रारी होत्या.

हे सगळं त्यांनी पत्करलं, कारण बदल्यात हवी ती जागा मिळत होती. त्या १० फुटांपैकी जवळजवळ ८० टक्के जागा माणसं आणि सामान यांना मिळाली.

२६ ऑगस्ट १९५९ ला मिनी बाजारात आली. ८४८ सीसी इंजिन, ३४ हॉर्सपॉवर, किंमत करासह सुमारे ४९७ पौंड. काचा सरकवायच्या, कारण खाली जाणाऱ्या काचेची यंत्रणा दाराची जागा खाते. त्या वाचलेल्या जागेत मोठे कप्पे. सीट फार आरामशीर नव्हत्या. ड्रायव्हर थोडा अवघडलेला असला की जागा राहतो, असं इसिगोनिस यांचं मत होतं. सुरुवातीच्या गाड्यांत पावसाचं पाणी शिरायचं हेही खरं.

रेसिंगवाल्यांनी तीच गाडी उचलली

इसिगोनिस यांच्या डोक्यात मिनी म्हणजे सामान्य कुटुंबाची स्वस्त गाडी. पण त्यांचे मित्र आणि रेसिंग गाड्या बनवणारे जॉन कूपर यांना तिच्यात वेगळंच काही दिसलं. चार कोपऱ्यांत चार लहान चाकं, वजन कमी, गाडी जमिनीला चिकटलेली. वळणावर ती सुटतच नव्हती.

१९६१ मध्ये मिनी कूपर आली. वेग वाढला तसा ब्रेकचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, पण १० इंची चाकात बसवायची म्हणून डिस्क फक्त ७ इंचांची. १९६३ च्या कूपर एसमध्ये ती ७.५ इंचांपर्यंत नेली.

१९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षं मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही तीच पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद झाली.

इथूनच रस्त्यावरच्या मिनीवाल्यांनाही हौस सुटली. गाडी खाली करायची, टायर रुंद करायचे, चाकं मोठी करायची. पुढे कंपनीनेही चाकं वाढवली. १९८४ मध्ये मिनीला १२ इंची चाकं आली आणि त्यात ८.४ इंची डिस्क बसली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पोर्ट्स पॅकवर १३ इंची चाकं मिळू लागली.

चाक १० वरून १३ इंचांवर गेलं, तरी गाडी फारशी उंच झाली नाही. असं का?

टायरवरच्या आकड्यांत दडलेलं उत्तर

टायरवर लिहिलेलं असतं, समजा १७५/५० आर १३. यातला १७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे ८७.५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १३ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

आता मिनीचे टायर एका ओळीत ठेवू.

१४५/८० आर १०: एकूण व्यास ४८६ मिलिमीटर, साइडवॉल ११६.
१६५/७० आर १०: एकूण व्यास ४८५, साइडवॉल ११५.५.
१४५/७० आर १२: एकूण व्यास ५०८, साइडवॉल १०१.५.
१६५/६० आर १२: एकूण व्यास ५०३, साइडवॉल ९९.
१७५/५० आर १३: एकूण व्यास ५०५, साइडवॉल ८७.५.

रिम ३ इंचांनी, म्हणजे ७६ मिलिमीटरने वाढली. पण बाहेरचा एकूण व्यास वाढला फक्त १९ मिलिमीटर. बाकीची वाढ साइडवॉल बारीक करून भरून काढली.

चाक बदलताना हा पहिला नियम: एकूण व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवायचा. १३ इंची रिमवर कोणी १७५/६५ टायर चढवला असता तर व्यास ५५८ मिलिमीटर झाला असता. मूळ मापापेक्षा ७२ मिलिमीटर जास्त. तो टायर मिनीच्या मडगार्डच्या कमानीत मावलाच नसता.

व्यास बदलला की स्पीडोमीटरही चुकतो. ४८६ च्या हिशोबाने लावलेला मीटर ५०५ च्या टायरवर १०० दाखवत असेल, तेव्हा गाडी खरं तर १०४ च्या वेगाने धावत असते.

दुसरा मुद्दा साइडवॉलचा. साइडवॉलमधली हवा हेही एक सस्पेन्शनच आहे. ती बारीक केली की वळणावर टायर कमी डगमगतो आणि गाडी नेमकी वळते. पण खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो.

तिसरा मुद्दा गाडी खाली करण्याचा. लहान व्यासाचा टायर घातला तर गाडी व्यासातल्या फरकाच्या निम्मीच खाली येते. २० मिलिमीटर कमी व्यास म्हणजे १० मिलिमीटर खाली. जास्त खाली आणायची तर सस्पेन्शनलाच हात घालावा लागतो. मिनीत रबराच्या कोनाला टेकलेली दांडी आखूड करतात किंवा कमी-जास्त करता येणारी दांडी घालतात. पण बॉडी खाली आली की चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होते. मिनीत ती आधीच मोजकी होती. त्यात रुंद टायर आणि पूर्ण वळवलेलं स्टीअरिंग आलं, की टायर कमानीला लागतो.

चौथा मुद्दा ऑफसेटचा. चाक हबला जिथे बोल्टने बसतं तो भाग रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. रुंद रिम आत बसत नाही म्हणून बाहेर काढली, तर बेअरिंगवर वाकडा भार येतो आणि स्टीअरिंग हाताला झटके देतं. १३ इंची मिनीला कमानींवर रुंद पट्ट्या लावाव्या लागल्या आणि चाकं पूर्वीइतकी वळू शकत नसल्याने गाडीचा वळण्याचा घेरही वाढला.

आणि पाचवा, सहसा विसरला जाणारा मुद्दा लोड इंडेक्सचा. मापाच्या शेजारी लिहिलेला हा आकडा टायर किती वजन पेलतो ते सांगतो. नवा टायर दिसायला कितीही रुंद असो, त्याचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

म्हणजे मोठी चाकं घेणं चूक नाही. १२ इंची चाकांमुळेच मिनीला तिच्या वेगाला शोभणारे ब्रेक मिळाले, आणि ती सोय इसिगोनिस यांना १० इंचांत देता आली नव्हती. पण चाकासाठी घेतलेल्या प्रत्येक इंचाची किंमत गाडीत कुठेतरी चुकवावी लागते.

शेवटची वर्षं

मिनीनंतर १९६२ मध्ये इसिगोनिस यांची ११०० ही थोडी मोठी कार आली. तिथे त्यांनी १२ इंची चाकं दिली, कारण गाडी जड होती. १० इंचांचा त्यांना हट्ट नव्हता हे यावरून दिसतं. ही कार ब्रिटनमध्ये मिनीपेक्षाही जास्त खपत होती.

१९६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९६९ मध्ये त्यांना सर किताब मिळाला. गणितात तीनदा नापास झालेल्या विद्यार्थ्यासाठी ही मजल मोठी होती.

पण कंपनीत वारं बदललं होतं. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड बनली. मिनीहूनही आखूड आणि तरी आतून मोठी अशी नवी कार इसिगोनिस यांनी आखली होती. कंपनीने ती बनवलीच नाही. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले, सल्लागार म्हणून मात्र पुढेही काम करत राहिले. लग्न त्यांनी केलं नाही. स्मर्नाहून बरोबर आलेली आई १९७२ मध्ये वारली. २ ऑक्टोबर १९८८ ला बर्मिंगहॅममध्ये इसिगोनिस यांचं निधन झालं.

जुनी मिनी २००० सालापर्यंत बनत राहिली. एकूण ५३ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही तिची मांडणी पुढे जगभरातल्या छोट्या कारनी उचलली. १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० याच मांडणीची होती आणि तिची चाकं १२ इंची होती.

आज बीएमडब्ल्यूच्या मालकीची नवी मिनी १६ ते १८ इंची चाकांवर येते. तिची लांबी ३.८ मीटरच्या पुढे आहे, म्हणजे इसिगोनिस यांच्या गाडीपेक्षा पाऊण मीटरने जास्त. तरीही मागे बसणाऱ्याला गुडघे आखडूनच बसावं लागतं.